रंगमास्तरांची तीन मांजरं

रंगमास्तर ओल्या लडीकडे बघायचेसुद्धा नाहीत. नमुन्याची लडी हौदातून काढली, पिळली, की तिचे चार धागे तोडून डाव्या मनगटाला गुंडाळायचे आणि ते वाळेपर्यंत तसेच हिंडायचे. मग दारात जाऊन मनगट उन्हात फिरवून बघायचे. रंग पसंत पडला तरच बाकीचं सूत हौदात.

"चूद्दाम, अम्मा," मला म्हणायचे. "बघू. ओला रंग काय बी बोलतो."

सोलापूरच्या पूर्व भागात तुम्ही कधी हिंडला असाल, तर रंगखान्यांबाहेर बांबूंवर टांगलेल्या लड्या तुम्हाला आठवत असतील. त्या टांगायचं काम माझं होतं. माझं गाव मालवणकडचं. चौथीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं, नवऱ्याला इथल्या गिरणीत काम लागलं म्हणून मी इथवर आले. इथे समुद्र नाही, भाताचं शेत नाही आणि एका गल्लीत तीन भाषा. काम मागायला गेले तेव्हा भीतीने दारातच उभी राहिले. मास्तर म्हणाले, "आजचा दिवस कर. बघू." संध्याकाळी म्हणाले, "उद्या ये." रोज असं 'उद्या ये' म्हणत त्यांनी मला सहा वर्षं ठेवलं. किती शिकलीस हे एकदाही विचारलं नाही. त्याचं मला किती बरं वाटायचं, ते कसं सांगू?

त्यांचं सगळंच असं. चष्मा लागला तेव्हा आधी एकच काच बसवून घेतली आणि आठ दिवस एका डोळ्याने स्पष्ट, दुसऱ्याने धूसर असं जग बघत फिरले. त्यांची बायको म्हणाली, "लग्नात मला पण अर्धीच आणणार होता काय?"

"आणली असती," मास्तर म्हणाले. "तुझ्या बापाने दिली नसती."

रंगखान्यात तीन मांजरं होती. सुताला उंदीर फार, तेव्हा मांजरं हवीतच. एक म्हातारा तांबडा बोका, एक काळी, आणि एक भुरी. भुरी वर्षाचीही नव्हती. कोरड्या लड्यांच्या टोपलीत झोपायची आणि मी टोपली उचलली की तशीच वर यायची. मास्तर तिला ओरडायचे, "उतर, उतर, सुताला केस लागतात!" आणि स्वतःच्या डब्यातला दहीभात तिच्यापुढे ठेवायचे.

दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात गल्लीतली मांजरं मरायला लागली. समोरच्या बाई सांगत आल्या, "मास्तर, आमचं मांजर पाण्यापाशी बसतंय बगा. मान खाली घालून नुसतं बसतंय, पर पीत न्हाय. काल लई वकलं." दुसऱ्या दिवशी ते गेलं. मग त्यांच्या शेजारचं.

मास्तर सायकलवर टांग मारून जनावरांच्या दवाखान्यात गेले. त्याच वाटेवर लड्या पोचवायच्या होत्या म्हणून मीही मागोमाग गेले. डॉक्टर बार्शीकडचे, तरुण, बोलायला मोकळे. म्हणाले, "आजारी पडलं की औषध नाही. निरोगी असतानाच टोचून घ्यायचं. ती लस इथं मिळत नाही, पण माझा भाऊ परवा मुंबईहून येतोय. बर्फात घालून आणायला सांगतो."

"त्यात असतं काय?"

"त्याच रोगाचे जंतू. मारलेले."

मास्तर विचारात पडले. त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या की आम्हाला कळायचं, आता सुटका नाही. मेलेला जंतू करतो काय? अंगात गेल्यावर जातो कुठे? म्हाताऱ्याला वेगळं काय आणि लहानाला वेगळं काय? डॉक्टर बिचारे उत्तरं देत राहिले. शेवटी मास्तरांचा चेहरा उजळला. "म्हणजे पूर्वी रंगाआधी सूत तुरटीत बुडवायचो, तसं! आधी अंग तयार करायचं."

"अगदी तसंच म्हणा. पण जोर धरायला आठ-दहा दिवस लागतात."

परतताना मास्तर सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले. सगळा वेळ स्वतःशीच बोलत होते. टोचून मेलं तर? न टोचता मेलं तर? घरी बायको म्हणाली, "देवी टोचणारे आले तेव्हा माळ्यावर लपला होता, ते विसरला? आता मांजरांना सुया!"

लस आली. तिन्ही मांजरं पिशव्यांत घालून आम्ही दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी सुई भरली आणि मास्तर म्हणाले, "आधी एकाला. आठ दिवस बघू, मग बाकीच्यांना."

"मास्तर, हे सूत नाही हो."

"म्हणून तर एकच. सूत बिघडलं तर पुन्हा रंगवता येतं."

डॉक्टरांनी हात टेकले. उरलेली लस बर्फाच्या पेटीत ठेवतो म्हणाले. मास्तर माझ्याकडे वळले. "अम्मा, कुठल्याला?"

मला आजवर कुणी असं काही विचारलं नव्हतं. सुई मोठी होती. भुरी पिशवीतून डोकं काढून माझं बोट चाटत होती. मी म्हटलं, "बोक्याला."

बोक्याने डॉक्टरांना ओरबाडलं, घरी येऊन दिवसभर झोपला, आणि दुसऱ्या दिवशी उंदीर धरला. मास्तर रोज सकाळी त्याला उचलून उजेडात धरायचे, डोळे बघायचे, जीभ बघायचे. पाचव्या दिवशी म्हणाले, "चांगला आहे की!"

सातव्या दिवशी मी टोपली उचलली तर ती हलकी लागली. भुरी हौदाजवळच्या परातीपाशी बसली होती. मान खाली. मिशा पाण्याला टेकत होत्या.

मास्तरांनी तिला बघितलं आणि काळीला पिशवीत घातलं. रंगाने भरलेले हात तसेच. डॉक्टरांनी काळीला टोचलं. भुरीचं मी विचारलं, तर त्यांनी नुसती मान हलवली. ती दीड दिवस जगली. तो दीड दिवस हौदाखालची भट्टी पेटली नाही. मास्तर बोटाने तिच्या ओठांना पाणी लावत बसले होते. काळी वाचली. बोका तर वाचलाच.

मला कुणी काही बोललं नाही. पण लड्या टांगताना रोज मनात यायचं, मी तिचं नाव घेतलं असतं तर? डोळ्यांत पाणी यायचं, मी म्हणायचे रंगाची वाफ लागली.

पुढे चार वर्षांनी मास्तरांचे हात थरथरायला लागले. मुलाने भिवंडीला बोलावून घेतलं. स्टँडवर सोडायला मी गेले होते. गाडी लागली तेव्हा माझ्याने राहवेना. म्हटलं, "मास्तर, मी तेव्हा बोका सांगितला, तो म्हातारा म्हणून नाही. भुरीला सुई लागू नये म्हणून."

त्यांनी ट्रंक खाली ठेवली.

"मला ठाऊक होतं, अम्मा," ते म्हणाले. "तू तिचं नाव घेणार नाहीस म्हणूनच तुला विचारलं."

कंडक्टरने हाक मारली. ते वर चढले, खिडकीशी बसले, आणि गाडी वळेपर्यंत त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.