यादीतून काढलेलं कॉलेज

"आधी माझं ऐका, मग रागवा," असं ती इतक्या शांतपणे म्हणायची, की समोरचा माणूस खुर्ची ओढून बसायचा. तुम्ही असता तर तुम्हीही बसला असता.

बँकेने माझी साताऱ्याहून कुंभकोणमला बदली केली, तेव्हा मी तिच्या आईवडिलांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागले. घर मराठी, पण कित्येक पिढ्यांपूर्वी इथे आलेलं. त्यांचे जुने शब्द ऐकून मला एकदा हसू आलं. ती म्हणाली, "अक्का, आम्ही आधीपासून असंच बोलतो." मी पुन्हा हसले नाही. तिचं बोलणं मी इथे माझ्या मराठीत लिहिते आहे. तिला ते आवडणार नाही.

अकरावी-बारावीला ती दूरच्या एका निवासी शाळेत होती. दिवसभर अभ्यास, जेवताना बोलायला बंदी. गुण भरपूर मिळाले. पण घरी परतल्यावर ती बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडून द्यायची. एकदा म्हणाली, "शेजारच्या खाटेवरच्या मुलीचं गाव कुठलं, हे मला शेवटच्या दिवशी कळलं."

तिच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, एक नावाजलेलं इंजिनिअरिंग कॉलेज ठरवून ठेवलं होतं. तिथे नोकरी हमखास. ती ते पाहून आली. मुलामुलींचे जिने वेगळे, व्हरांड्यात कुणी बोलताना दिसलं की नाव लिहून घेणार. मग ती तिरुचीजवळच्या एका साध्याशा कॉलेजात गेली आणि दोन तास कॅन्टीनमध्ये बसली.

"एका मुलीने विचारलं, नवीन का? आणि सरकून जागा दिली," तिने घरी सांगितलं. "मी तिथे जाणार."

अप्पा म्हणाले, "मैत्रिणी मिळवायला एवढे मार्क लागत नाहीत."

"मार्क मिळवून झाले, अप्पा. आता मैत्रिणी मिळवायच्या आहेत."

पापनाशम्‌हून मामा आले, शाळेचे मुख्याध्यापक आले. दोघेही तिचं ऐकून घेऊन, रागावून परत गेले. शेवटी अप्पांनी मला गळ घातली. मी तिला म्हटलं, "अगं, मैत्रिणी काय, कुठेही मिळतात."

"तुम्हाला इथे किती मिळाल्या, अक्का?"

मला येऊन दोन वर्षं झाली होती.

प्रवेशासाठी कॉलेजांची यादी माझ्या लॅपटॉपवर भरायची होती. अप्पा मागे उभे. त्यांनी लिहायला लावलेलं पहिलं नाव तिने काढून टाकलं.

"निदान खाली तरी राहू दे," अप्पा म्हणाले.

"कशाला? मी तिथे जाणार नाही."

तिने यादी पक्की केली, उठली आणि त्यांच्याकडे सरळ बघत उभी राहिली. अप्पा महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. तिनेही मनधरणी केली नाही. बसस्टँडवर सोडायला तिची आई आणि मी, दोघीच गेलो.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. चौथ्या वर्षी कॉलेजात कंपन्या आल्या आणि तिला न घेता गेल्या. त्या वर्षी पोंगलच्या सणाला ती पाच मैत्रिणींना घेऊन घरी आली. घरभर बॅगा, ओले टॉवेल, हसणं. मामा त्या सगळ्यांसमोर म्हणाले, "त्या कॉलेजात गेली असतीस, तर आज हातात नोकरी असती."

मुली बॅगा आवरू लागल्या.

"असती, मामा," ती म्हणाली. "आणि आज मी एकटी आले असते. नोकरी मी शोधते आहे. ह्यांना शोधून झालं."

अप्पा उठून आत गेले. थोड्या वेळाने सगळ्यांसाठी कॉफी घेऊन आले. मामांना शेवटी दिली.

पुढे पाच महिन्यांनी तिला बेंगळुरूच्या एका लहान कंपनीत काम मिळालं. त्या पाचांतल्या दोघी तिथेच होत्या, आणि त्यांनी खोलीत तिच्यासाठी खाट धरून ठेवली होती. तिला न्यायलाही त्या आल्या. मी स्टेशनवर गेले होते. गाडी सुटली तेव्हा तिघी खिडकीजवळच्या जागेवरून भांडत होत्या. माझ्याकडे बघायचं तिच्या लक्षातही राहिलं नाही.