खोट्या लग्नाची कादंबरी

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात मी आर्वीच्या वाचनालयातून एक ऐतिहासिक कादंबरी आणली. पुठ्ठा सुटलेला, पण आत नुसती धमाल. एका सरदाराची लेक आणि एक फटकळ शिलेदार शत्रूच्या मुलखातून निसटण्यासाठी नवरा-बायको असल्याचं सोंग घेतात. चौकीवर ती त्याला लाडानं 'अहो' म्हणते आणि चौकी मागे पडली की त्याचा उद्धार करते. मी मोठ्यानं वाचायचे, ताई वाती वळत ऐकायची. हसून हसून तिच्या मांडीवरचा कापूस उडायचा. "थांब ना, थे चौकीवालं पुन्हा वाच," म्हणायची. इतकी खुश मी तिला नंतर कधीच पाहिली नाही.

ताईला कडक मंगळ होता. अशा मुलीचा नवरा जगत नाही म्हणे, त्यामुळे आलेली स्थळं दारातूनच परतायची. शेवटी समुद्रपूरच्या एका घरी ती पसंत पडली. त्यांची अट होती, आधी मातीच्या घड्याशी लग्न लावा, म्हणजे दोष घड्यावर जाईल, पण गुपचूप. भटजींनी देवळात घड्याला मुंडावळ्या बांधल्या, ताईला शेजारी बसवलं, दोघांभोवती सूत गुंडाळलं आणि नंतर घडा विहिरीत सोडला. मला हसू आवरेना. ताईनं डोळे वटारले, मग तीही हसली. कादंबरीतलंच सोंग घरात चाललंय असं आम्हाला वाटत होतं.

घोळ आईनं घातला. लेकीला हळद लागली आणि सवाशिणी जेवल्या नाहीत, हे तिला सोसवेना. दुसऱ्याच दिवशी तिनं शेजारच्या बायांना पुरणपोळीचं जेवण घातलं, ओट्या भरल्या. कुणी कारण विचारलं, तर तिनं सरळ सांगून टाकलं.

बातमी समुद्रपूरला पोचायला वेळ लागला नाही. मुलाचे काका आले. पाण्याच्या तांब्याला हातसुद्धा न लावता म्हणाले, "गुपचूप करा म्हटलं होतं ना तुमाले? आता लोक पोरीले दुसऱ्या लग्नाची म्हनतीन. आमाले नाई जमत." स्वतःच लावायला सांगितलेल्या लग्नावर बोट ठेवून ते उठले. त्या माणसाचा मला आजही संताप येतो. आईला काय म्हणावं ते मात्र कळत नाही. ताईला पुढे स्थळ आलंच नाही. ती कायमची आमच्याच घरी राहिली.

काका येऊन गेले त्याच आठवड्यात पुस्तक परत करायचं होतं. "शेवट राह्यला ना," ताई म्हणाली, "वाचून टाक." मी वाचला. मुलूख पार झाल्यावर शिलेदार म्हणतो, सोंग संपलं, आता तुम्ही मोकळ्या. ती जात नाही. दोघं खरंच लग्न करतात. शेवट फार गोड होता आणि तो मला आवडला, याचीच मला चीड आली.

ताईनं हातातली वात पुरी करून बाजूला ठेवली.

"तिचं बरं हाये," ती म्हणाली. "तिचा नवरा खोटा होता, पन मानूस तं होता."