धरणातलं टेकाड

माजलगावच्या धरणात आमचं शेत बुडालं. बेटासारखं एक टेकाड तेवढं वर उरलं, आणि ते आमच्याच नावावर राहिलं. बाभळीशिवाय तिथं काही नव्हतं, म्हणून कुणी ढुंकून बघत नव्हतं. दुष्काळात मात्र उरलंसुरलं पाणी त्याच्याच पायथ्याशी साचलं आणि साखर कारखान्याच्या चेअरमनला आमचं टेकाड आठवलं. न विचारताच त्यानं आपल्या उसापासून तिथपर्यंत पाइप टाकले. त्याला नाही म्हणायची रीतच नव्हती. तो पाणी उपसायची मोटार बसवायला आला तेव्हा आईनं नेमक्या त्या जागेवर म्हैस बांधली होती.

"म्हैस हटव, बाई," चेअरमन गुरकावला.

"कावून? अख्खं गाव हितून पाणी नेतंय. तुमच्या उसाला म्हणावं, घागर घिऊन रांगेत उभा ऱ्हा."