सायकलवरचं सामान

एप्रिलचा दुसरा रविवार. आभाळ कोरडं, सकाळपासूनच ऊन टोचत होतं.

झालं ते क्रमानेच सांगतो, कारण उलटसुलट सांगितलं तर दोष माझाच दिसेल. क्रमाने सांगितलं तरी दिसतोच, पण निदान पटतं.

आमच्या विक्रोळीच्या वसाहतीत संध्याकाळी व्हॉलीबॉलचा सामना होता. नेट बांधायचे लोखंडी खांब गंजून मोडलेले. मी घाटकोपरला जाऊन दोन लांब बांबू आणि सुतळी घेतली. बांबू सायकलला बांधले. खेळणाऱ्यांना पाणी लागणार, म्हणून हँडलला एक माठही अडकवला. लहानच. मोठा गुडघ्याला लागत होता.

पॅडल मारता येईना, म्हणून ढकलत निघालो. अँब्युलन्सला वाट न देणारे रिक्षावाले मला वाट देत होते. एकाने तर हात जोडले. मला वाटलं, लोकांना खेळाची कदर आहे.

गेटवर परबभाऊ उभे होते. माझ्या शेजारचे सावंतकाका आठवडाभर हॉस्पिटलात, फुप्फुसात पाणी झालेलं. त्यामुळे सगळी बिल्डिंग दबक्या आवाजात बोलायची. परबभाऊही.

"सामान तूच आणलंस?"

"मग कोण आणणार? बाकीचे नुसते बोलतात."

"किती वाजता?"

"पाचला. ऊन उतरू दे."

"मुली येतायत ना?"

सावंतांच्या दोन मुली पुण्याला असतात. मला मात्र आठवली ती आमची मुलींची टीम.

"कळवलंय. नाही आल्या तर थांबायचं नाही."

परबभाऊ माझ्याकडे बघतच राहिले. "आणि माणसं? पुरेशी आहेत?"

"दोन्हीकडची मिळून बारा."

"खांद्याला मी पण येतो."

"या की. जड आहे."

सामान जिन्याखाली ठेवून अंघोळीला गेलो. बाहेर येऊन मोबाईल बघतो, तर बिल्डिंगच्या ग्रुपवर सावंतकाकांचा फोटो आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग. पहिली परबभाऊंची. माणूस चांगला होता हो. मीही जोडलेले हात पाठवले आणि खाली लिहिलं, 'आजचा सामना रद्द.'

मग पांढरा सदरा घालून सावंतांचं दार वाजवलं. काकू हॉस्पिटलात न्यायला पेजेचा डबा भरत होत्या. म्हणजे त्यांना अजून कुणी सांगितलंच नव्हतं. हे काम कुणीतरी करायलाच हवं होतं ना?

"काकू, जरा बसा."

"बसू कुठे रे? पेज थंड होतेय."

"डबा आता नको," मी म्हणालो. "धीर धरा."

काकूंनी माझा पांढरा सदरा खालपासून वरपर्यंत पाहिला. हातातून आधी डबा सुटला. मग काकूच कोसळल्या.

आवाज ऐकून धावत आलेल्या परबभाऊंनी आणि मी त्यांना उचलून रिक्षात घातलं आणि त्याच हॉस्पिटलात नेलं. काकूंना तपासायला आत घेतलं, तेव्हा समोरच्या वॉर्डात सावंतकाका उशीला टेकून बसलेले दिसले.

"पेज कुठाय?" त्यांनी विचारलं.

परबभाऊ सावकाश माझ्याकडे वळले.

"मग ते बांबू कसले रे?"

"नेटचे."

"आणि मडकं?"

"प्यायच्या पाण्याचं."

सावंतकाकांना मंगळवारी घरी सोडलं. काकूंना शुक्रवारी.