गांडुळं घेऊन दादांकडे: उल्हासनगर ते बारवी रस्ता

नवरा कुठल्याही व्याख्यानाला निघाला की मला धडकी भरते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही अंबरनाथ पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. माझा नवरा विलास रसायनांच्या कारखान्यात अधिकारी होता आणि फावल्या वेळात गच्चीवरच्या कुंड्यांत टोमॅटो लावायचा. एका रविवारी तो बागकामवाल्यांच्या बैठकीत गांडूळखताच्या स्लाइड्स बघून आला आणि चपला काढायच्या आधीच म्हणाला, "शुभा, आपण दादाला गांडुळं नेऊन द्यायची."

"दादांना विचारलंस?"

"विचारलं तर तो नाही म्हणेल."

हे मात्र खरं होतं. दादा म्हणजे विलासचे थोरले भाऊ. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्यावर नदीपलीकडच्या एका गावात ते घरची शेती बघायचे. पावसाळ्यात भात, हिवाळ्यात वाल आणि नदीकाठच्या पट्ट्यात वांगी-भेंडी. चार-पाच वर्षांपूर्वी विलासनं असंच कुठलंतरी व्याख्यान ऐकून त्यांना सूर्यफूल लावायला लावलं होतं. पीक आलंही झकास. मग पोपट आले. आधी दहा-वीस, मग सगळ्या तालुक्यातले. दादा पत्र्याचा डबा बडवत शेतात फिरायचे आणि गाव बांधावर बसून गंमत बघायचं. तेव्हापासून गावात त्यांचं नाव पडलं पोपटशेठ.

भावाभावांत भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मला वाटायचं. दादा विलासशी पाहुण्यासारखे बोलायला लागले होते. "या, बसा, पाणी घ्या." आमच्या घरी यायचे ते बंदच झाले. विलास हे कधी बोलून दाखवायचा नाही, पण दादांच्या पत्त्यावर शेतीची मासिकं पाठवत राहायचा.

तर जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी आम्ही स्कूटरवरून निघालो. (हा रस्ता करायचा तर जानेवारीतच करा. मे महिन्यात सीटवर बसवत नाही.) पहिला थांबा उलट्या दिशेला, उल्हासनगर. गांडुळं मिळणार होती कमलादादींकडे. सिंधी लोक थोरल्या बहिणीला दादी म्हणतात, आणि साठीच्या कमलादादी गल्लीतल्या सगळ्यांच्याच थोरल्या बहीण होत्या. खाली त्यांच्या मुलाचा प्लास्टिकच्या टबांचा कारखाना, वर गच्ची. जे टब वाकडेतिकडे निघायचे ते वर जायचे आणि त्यांत गांडुळं राहायची.

त्यांनी आधी आम्हाला दाल-पकवान खायला बसवलं. कुरकुरीत तळलेली पुरी आणि वर हरभऱ्याची घट्ट डाळ. उल्हासनगरला गेलात आणि हे न खाता परतलात तर तुम्ही गेलाच नाहीत असं समजा. विलासनं खाता खाता विचारलं, "दादी, तुम्ही गांडूळखताकडे कशा वळलात? जमिनीचा कस वगैरे..."

"कैसा कस, बेटा? सामनेवाली के गुलाब मेरे से बडे थे," दादी म्हणाल्या. "दो महिना मैं उसकी गच्ची देखती थी. फिर पूछ लिया."

विलासचा चेहरा पडला. स्लाइड्समध्ये समोरवालीचा उल्लेख नव्हता.

दादींनी ओल्या गोणपाटाच्या बोरीत शेणासकट गांडुळं भरून दिली, तोंड सैल बांधलं आणि मला बजावलं, "धूप में नहीं रखने का. और इसको बोलो, चलाते टाइम भाषण नहीं देने का."

बोरी विलासच्या दोन पायांच्या मध्ये, मी मागे. वाटेत जकात नाक्यावर आम्हाला थांबवलं.

"बोरीत काय?"

"गांडुळं," विलास अभिमानानं म्हणाला.

"विकायला?"

"नाही हो. भावाला द्यायला."

कारकुनानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझ्याविषयी एवढी सहानुभूती होती की मला भरून आलं. "आता हे जिवंत जनावरांत धरू, का खतात धरू?" तो पुटपुटला. विलासनं लगेच इंजिन बंद केलं आणि गांडूळ हा खत करणारा जीव कसा आहे, हे पहिल्यापासून समजवायला सुरुवात केली. मागे टेम्पोंची रांग लागली. शेवटी कारकून म्हणाला, "साहेब, हात जोडतो. जा तुम्ही."

अंबरनाथ मागे टाकून आम्ही बदलापूरला पोचलो. रेल्वेच्या फाटकाजवळ चहा घेतला, बोरीवर पाणी शिंपडलं. फाटक ओलांडून गावातून खाली उतरलं की उल्हास नदीचा पूल लागतो. या पुलाची एक गंमत मी लग्नापासून बघत आलेय. पुलाच्या अलीकडे विलास "आपण जाऊ या का?" म्हणतो आणि पलीकडे गेला की "चल की गं, काय बगतेस." त्या दिवशी मात्र पूल ओलांडल्यावर तो बोललाच नाही. घर दिसायला लागल्यावर त्यानं स्कूटर उगाचच हळू केली.

दादा ओटीवर बसले होते. बोरी बघून उठले नाहीत.

"या. बसा. पाणी घ्या."

विलासनं पाणी घेतलं आणि मला वाटलं होतं त्यापेक्षाही लवकर बोलायला सुरुवात केली. रासायनिक खतानं जमीन कशी कडक होते, गांडूळ ती कशी भुसभुशीत करतं. दादांनी सगळं ऐकून घेतलं.

"आमच्या जमिनीत गांडुळं हायेत," ते म्हणाले. "पावसात पायाखाली येतात. त्यांना कुणी स्कूटरवरनं आणलं नाय."

"ती वेगळी, दादा. ही खत करणारी जात..."

"आणि ही खायला कोण येणार? म्हणजे आत्ताच सांग. डबा शोधून ठेवतो."

वहिनी, म्हणजे दादांची बायको, दारातून हे ऐकत होत्या. त्या हसल्या नाहीत, पण पदराचं टोक तोंडात धरून लगबगीनं आत गेल्या.

संध्याकाळी वालाच्या शेंगांची पोपटी केली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी घालून मडकं पालथं जाळात ठेवायचं. बदलापूर-कर्जतकडे हिवाळ्यात कुणी बोलावलं तर अजिबात नाही म्हणू नका. त्या घरात फक्त एकच पथ्य होतं. पदार्थाचं नाव कुणी घ्यायचं नाही. सगळे "शेंगा" म्हणायचे. जाळाभोवती बसल्यावर विलास एकदाच हळू म्हणाला, "दादा, तेव्हा मी चुकीचं नव्हतं सांगितलं. एकट्यानं लावल्यामुळं सगळे पक्षी आपल्याकडेच आले."

"व्हय," दादा म्हणाले. "एकट्यानंच लावलं. तू अंबरनाथला व्हतास."

वहिनींनी लगेच मडकं उघडलं. शेंगा मात्र छान भाजल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवरची बोरी गायब. विलास हवालदिल. त्याला वाटलं दादांनी नदीत टाकली. दादांना वाटलं विलासनं रागावून गाडीला बांधली. दोघंही एकमेकांना न विचारता घराभोवती उलट्या दिशांनी शोधत निघाले आणि मागच्या दारी समोरासमोर आले.

तिथं शेवग्याखाली वहिनी बसल्या होत्या. मोरीचं पाणी जिथं जातं त्या ओलाव्यात त्यांनी हातभर खड्डा केला होता, बोरी त्यात रिकामी केली होती आणि वरून शेणाची पाटी ओतत होत्या. कोंबड्या झाकायचं डालगं बाजूला होतं. कोंबड्या बाहेर मोकळ्या फिरत होत्या. डालगं आज गांडुळांसाठी होतं.

"वहिनी!" विलास ओरडला. "ताजं शेण नका घालू! गरम असतं, मरतील सगळी!"

"मग हळू सांग ना. वरडतोस कशाला? गाव गोळा होईल."

विलास उकिडवा बसला. हातानं ताजं शेण बाजूला सारायला लागला. एरवी तासभर बोलणारा माणूस, त्या दिवशी चार वाक्यांत आटोपला. जुनं शेण घ्या, पाला घाला, ओल ठेवा, ऊन लागू देऊ नका. वहिनींनी विचारलं, "मासळीचं पाणी चालंल का?" तो म्हणाला, "माहीत नाही." हे दोन शब्द मी त्याच्या तोंडून शेतीच्या विषयात पहिल्यांदाच ऐकले.

मी वहिनींना बाजूला विचारलं, "दादा नको म्हणत होते ना?"

"त्यांचं शेत रस्त्याला. येणारा-जाणारा बगतो. माझ्या मागल्या दारी मी काय पुरते, कुणाला पडलंय? मेली तर मेली." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि भावजी एवढं मांडीशी धरून घेऊन आले. परत काय पाठवायची?"

दादा दारात दात घासत उभे होते. चूळ भरून म्हणाले, "पुढल्या शेतात आणायची नाय हां." आणि आत गेले.

निघताना त्यांनी विलासला विचारलं, "पेट्रोल हाय ना?" पाहुण्याला असं कुणी विचारत नाही. बदलापूरच्या फाटकापर्यंत विलास शीळ वाजवत होता.

पुढचं घरबसल्याच कळत गेलं. निम्मी गांडुळं मेली. उरलेल्यांतली काही, डालगं उचललं गेल्यावर, कोंबड्यांनी खाल्ली. तरीही पावसाळ्याआधी वहिनींना खत मिळालं, आणि पुढच्या हिवाळ्यात मागच्या दारची वांगी बघून शेजारणी मूठमूठ गांडुळं मागायला आल्या. त्यांनी वहिनींना विचारलं. स्लाइड्स बघितलेल्या माणसाला कुणीही काही विचारलं नाही, आणि हे त्याला बरेच दिवस लागून राहिलं होतं. दादांनी मग नदीकडचा, रस्त्यावरून न दिसणारा एक कोपरा त्या खतावर करून बघितला. गावात सांगितलं, बायको ऐकत नाय. भाताला ते शेवटपर्यंत युरियाच घालत आले, त्यात काही फरक पडला नाही.

आज बारवी रस्त्याला जाल तर पुलानंतरही इमारती दिसतील. जिथं शेती उरलीय तिथं कुणी काय लावलंय ते जरूर विचारा, पण ओटीवर नको. मागच्या दारी जा, तिथं खरं सांगतात. मला त्या प्रवासातून आठवतो तो विलास, शेणात हात घालून "माहीत नाही" म्हणणारा. त्यानंतरही तो व्याख्यानांना जात राहिला, पण परत आल्यावर चपला तरी काढायला लागला.

आणि एका रविवारी दुपारी दारावर थाप पडली. दादा होते, तीन जिने चढून दमलेले, हातात वांग्यांची पिशवी. कितीतरी वर्षांनी आमच्या घरी आले होते. मी "या, बसा, पाणी घ्या" म्हणणार तेवढ्यात ते स्वतःच आत गेले आणि माठातलं पाणी घेऊन प्यायले. मग विलाससमोर बसून, खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काय मग? नवीन काय वाचलंस की नाय?"

विलासचं तोंड उघडलं. मग तो उठला आणि मासिकांचा गठ्ठा काढायला आतल्या खोलीत धावला.

दादांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मला म्हणाले, "शुभा, चहा टाक. ह्याचं लांबणार."