मेमरी कार्ड आणि माझं तीन दिवसांचं गप्प राहणं

गेल्या शुक्रवारी सकाळी लॅबमध्ये पाऊल ठेवलं आणि समोर सूरज उभा. आमचा फायनल इयरचा विद्यार्थी, निपाणीचा. हातात कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड आणि चेहरा पांढरा पडलेला. "मॅडम, यात काहीच न्हाय..."

मी बेळगावात एका युनिव्हर्सिटीच्या मीडिया लॅबमध्ये काम करते. कॅमेरे, माईक, एडिटिंगचे कॉम्प्युटर, सगळं माझ्या ताब्यात. मदतीला चार स्टुडंट असिस्टंट असतात. क्लास सुटला की दोन-दोन तास ड्युटी करतात, थोडंफार मानधन मिळतं. त्यातलीच एक कावेरी, चिकोडीकडची. हॉस्टेलला राहते, आणि त्या मानधनावर तिचं बरंच काही भागतं.

सूरजनं निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आयुष्यभर काम केलेल्या एका आक्कांची मुलाखत घेतली होती. दोन तासांची. दुसऱ्याच दिवशी त्या आक्का लेकीकडं कायमच्या राहायला गेल्या... म्हणजे परत शूट करायचं म्हटलं तरी निपाणीत आक्काच नाहीत.

बुधवारी संध्याकाळी त्यानं कॅमेरा परत केला. कावेरीनं तो जमा करून घेतला, रजिस्टरला सही केली. हार्ड डिस्क भरली होती म्हणून कार्ड पाकिटात घालून, वर "कॉपी बाकी" असं लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलं. तिचं काम तिनं चोख केलं होतं.

शुक्रवारी सूरज कॉपी करायला आला, तर पाकिटातलं कार्ड रिकामं. मग आमच्या डिपार्टमेंटचे हेड सर आले, रजिस्टर उघडलं. शेवटची सही कावेरीची. सरांनी तिला लॅबमध्ये सगळ्यांसमोर बोलावून घेतलं. ती एवढंच म्हणाली, "सर, मी न्हाय केलं फॉरमॅट." सर म्हणाले, हा शुद्ध हलगर्जीपणा आहे, सोमवारपासून ड्युटीला येऊ नकोस.

मी तिथंच उभी होते. आणि त्याच मिनिटाला मला आठवलं...

गुरुवारी दुपारी गेस्ट लेक्चर होतं. घाईत मी ड्रॉवरमधून एक कार्ड उचललं, पाकिटावर काय लिहिलंय ते बघितलंच नाही, कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट केलं. मग त्या कॅमेऱ्याची बॅटरीच उतरलेली निघाली, म्हणून दुसरा कॅमेरा घेऊन पळाले. परत आल्यावर कार्ड टेबलावरच्या पाकिटात घालून, तेव्हाही न वाचताच, ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

तोंड उघडायचं होतं. उघडलं नाही. कावेरी माझ्याकडं बघत होती आणि मी कॉम्प्युटरकडं. "बघते मी काय होतंय का," असं म्हणून ते कार्ड पर्समध्ये टाकलं आणि बाहेर पडले.

शनिवारी सरांना सांगायला दहा वेळा फोन हातात घेतला, दहा वेळा ठेवला. सतरा वर्षांची नोकरी, सगळ्यांसमोर काय तोंड दाखवू... असले विचार. एका जागी बसवेना. कपाट आवरलं, परत आवरलं.

रविवारी उचगावात आमच्या शेतात रताळी काढायला सगळे गेलो होतो. मी खुरपं चालवत होते आणि एकामागून एक रताळी मधोमध कापत होते. सासूबाई बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ध्यान कुठं हाय गं तुझं? बांधावर जाऊन बस जा." बांधावर बसले, तर तिथंही पाय हलत राहिले.

सोमवारी लॅबमध्ये न जाता सरळ सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, कार्ड मी फॉरमॅट केलं. कावेरीचा काही संबंध नाही.

मला वाटलं होतं, आता मेमो येणार. सर हसले आणि कन्नडमध्ये म्हणाले, "होगली बिडी मॅडम." जाऊ द्या म्हणे, कामाच्या गडबडीत होतं असं.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण खुर्चीत बसवेना मला. तेच कार्ड, तीच चूक... तिची समजली तेव्हा हलगर्जीपणा, माझी निघाली तेव्हा गडबड. मी म्हटलं, "सर, तिला जसं सगळ्यांसमोर बोललात, तसंच हे पण सगळ्यांसमोर सांगायला पाहिजे. तुम्ही नाही, मी सांगते."

दुपारी लॅबमध्ये सूरज, चारही असिस्टंट आणि सर यांच्यासमोर सांगितलं. फॉरमॅट झाल्यावर कार्डवर दुसरं काही रेकॉर्ड झालं नव्हतं, त्यामुळे रिकव्हरी सॉफ्टवेअरनं संध्याकाळपर्यंत मुलाखत बरीचशी परत आली. दोन क्लिप तेवढ्या गेल्या. स्क्रीनवर आक्कांचा चेहरा दिसल्यावर सूरज खुर्ची ओढून मुलाखत पहिल्यापासून बघायला बसला.

सगळे गेल्यावर मी कावेरीची माफी मागितली. ती म्हणाली, "म्याडम, मला ठावं होतं. गुरुवारी तुमच्या टेबलावर मोकळं पाकीट बघितलंतं मी."

"मग शुक्रवारी बोलली का नाहीस?"

"तुम्ही तिथंच उभ्या होता की. तुम्ही बोलला न्हाय, मग माझं कोण ऐकणार?"

मी रजिस्टर उघडून मंगळवारच्या ड्युटीत तिचं नाव लिहिलं.

कावेरी मंगळवारपासून ड्युटीवर परत आली. पूर्वी चहाच्या वेळेला घरच्या गोष्टी सांगायची, आता कामापुरतं बोलते. तिचं बरोबरच आहे... तीन दिवस तिनं जे एकटीनं सोसलं, ते माझ्या एका माफीनं कसं फिटणार? पण मी सांगितलेलं एकदा ऐकून घेतलं तिनं, पाठ फिरवली नाही. तेवढ्यासाठी मी तिची मनापासून आभारी आहे.