कासव आजोबांचा चहा

माझे सासरे टीव्हीवर कासव होऊन गेले, ही आमच्या घराण्याची आजवरची एकमेव जाहीर कामगिरी आहे.

गिरगावातली खोली सोडून आम्ही मीरा रोडला, पेणकरपाड्याच्या बाजूला राहायला आलो, तेव्हा घरात चौघं होतो. बाबा म्हणजे माझे सासरे, आई म्हणजे सासूबाई, महेश म्हणजे नवरा, आणि मी. बाबा विमा कंपनीतून निवृत्त झालेले. बोलायचं खातं पूर्णपणे आईंकडे होतं. त्या दिवसभर बोलत आणि बाबा दिवसभर ऐकत, त्यामुळे घरात एकूण हिशेब जमलेला असे. नवीन जागेत वर्ष व्हायच्या आतच आई गेल्या. दुखणं नाही, खुपणं नाही. सकाळी भाजीवाल्याशी त्यांच्या त्या भयंकर हिंदीत भांडल्या, दुपारी जरा पडते म्हणाल्या, आणि उठल्याच नाहीत.

त्यानंतर बाबांनी बोलणं सोडलं. रागावून नाही, रुसूनही नाही. नळ बंद करावा तसं.

"बाबा, वाढू का?"

"हं."

"भाजी बरी झालीय का?"

"हं."

"बाबा, सिलिंडर संपलाय, आज दडप्या पोह्यांवर भागवूया?"

"हं."

महेश म्हणायचा, "बोलतील हळूहळू." (महेशचं प्रत्येक गोष्टीवर हेच औषध असतं. गळक्या नळावरही.) महिने गेले. मला त्या 'हं'ची व्याकरणासकट भाषा यायला लागली. आखूड हं म्हणजे हो. लांबलेला हं म्हणजे नको, पण तुझं मन मोडवत नाही. आणि खाली उतरत जाणारा हं म्हणजे मला जरा एकटं बसू द्या.

मी त्या काळात लहान मुलांच्या कार्टूनचे संवाद लिहायचे. काशीगावात हायवेजवळच्या एका गाळ्यात आमचा स्टुडिओ होता. खाली बाथरूमच्या टाइल्सचं गोडाऊन, वर आमचं जंगल. एका मुलांच्या चॅनलला मराठीतही कार्टून करून बघायची हुक्की आली आणि आमच्याकडे एक भाग आला. सशाचं पिल्लू हरवतं, सगळं जंगल शोधायला निघतं, एवढीच गोष्ट. त्यात मी एक म्हातारं कासव टाकलं. सगळे त्यालाच विचारायला जातात आणि ते प्रत्येकाला नुसतं 'हं' म्हणतं. ससा त्याचा एक अर्थ काढतो, अस्वल दुसरा, माकड तिसरा, आणि सगळे तीन दिशांना पळत सुटतात. कासव मला कुठून सुचलं, ते सांगायला नकोच.

आमचा दिग्दर्शक पराग खूश झाला. "मॅडम, भारी! ह्याचा आवाज तर कोणीही देईल. एकच तर शब्द आहे!"

तो एकच शब्द कोणालाही म्हणता येईना! एक गृहस्थ आले, त्यांचा हं प्रवचनातला निघाला. दुसऱ्यांचा हं ऐकून कासवाचा दात दुखतोय असं वाटायला लागलं. तिसरे नाटकातले नामवंत. त्यांनी असा हं काढला की जंगलात कुठला तरी राजाच गेला असावा.

पराग डोकं धरून बसला. "सगळं बरोबर म्हणतायत, पण त्या हं मागे माणूसच नाहीये."

"माझ्या घरी आहे तसा एक," मी बोलून गेले.

त्या संध्याकाळी मी भीत भीत विचारलं, "बाबा, कार्टूनमध्ये कासवाचा आवाज द्याल का?"

"हं." आखूड! दुसऱ्या दिवशी त्यांनी लग्नाला घालायचा शर्ट कपाटातून काढला. महेशला ऑफिसला उशीर झाला तरी त्यानं आम्हाला स्टुडिओच्या दारापर्यंत सोडलं आणि परत परत मागे बघत गेला, मुलाला पहिल्यांदा शाळेत घातल्यासारखा.

काचेच्या पलीकडे, माइकसमोर, कानांवर हेडफोन लावून बाबा ताठ बसले. पराग अलीकडून बटण दाबून सांगायला लागला.

"काका, सशाची आजी विचारतेय, माझं बाळ पाहिलंत का? तुम्ही पाहिलंय. पण सांगायचं जिवावर आलंय."

"हं."

पराग खुर्चीतून उठलाच. "आता अस्वल थापा मारतंय, आणि तुम्हाला ते कळलंय."

"हं."

"क्या बात है, अंकल!" रेकॉर्डिंग करणारा इम्रान ओरडला. नामवंतांना सकाळभरात जमलं नव्हतं ते बाबांनी चहा यायच्या आत उरकलं. मी इतकी फुगले होते की त्या खोलीत हवा कमी पडावी.

शेवटचा एक हं राहिला होता. गोष्ट संपते तिथला. पिल्लू सापडलंय, सगळे घरी चाललेत.

"काका, हा जरा मऊ हवा," पराग म्हणाला. "असं समजा, संध्याकाळची वेळ आहे. तुम्ही गॅलरीत पेपर वाचत बसलाय. आणि आतून काकू हाक मारतात. त्यावर तुमचा हं."

परागला आईंबद्दल काही माहीत नव्हतं. मी दोन्ही हात हलवले. त्याला वाटलं, डास. त्यानं डास मारायची बॅट माझ्याकडे सरकवली.

काचेपलीकडे बाबांनी मान जराशी वळवली. घरी किचनच्या बाजूला वळवायचे ना, अगदी तेवढीच.

"आलो गं," बाबा म्हणाले. "चहा झाकून ठेव."

आमच्या घरात हे रोज संध्याकाळी व्हायचं. आई चहा करून हाक मारायच्या, बाबा झाकून ठेव म्हणायचे, आणि पेपर संपवून येईपर्यंत चहा पार निवून जायचा. मग आई ओरडायच्या आणि बाबा तो थंड चहा मुकाट्यानं प्यायचे. मला त्या दोघांचा रागच यायचा. एवढं साधं यांना सुधारता येत नाही का!

इम्राननं रेकॉर्डिंग थांबवलं. मग पराग बिचारा बटण दाबून म्हणाला, "काका, नुसतं हं पाहिजे होतं."

मी त्याच्या कानात सांगितलं. त्यानं पुन्हा बटण दाबलं. "सॉरी, काका."

बाबांनी हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवले. "चुकलं का माझं? परत म्हणू?"

"नको," पराग म्हणाला. "परत नको. हेच ठेवतोय."

आणि इथून खरा गोंधळ सुरू झाला. कारण चित्रांतल्या जंगलात चहा नव्हता! झाकायला झाकण नव्हतं. मुळात कासव एकटं होतं, ते 'आलो गं' म्हणणार कोणाला?

"कासवीण काढावी लागेल," मी चित्रं काढणाऱ्या पोरांना सांगितलं.

"मॅडम, एवढा टाइम नाहीये. अख्खी नवीन कॅरेक्टर करायची म्हणजे... फक्त हात काढतो. बिळातून हात बाहेर येतो, हातात किटली. चालेल?"

"चालेल. हातात बांगड्या घाला."

"कासवाच्या हातात बांगडी बसेल का?" यावर अर्धा दिवस गेला. एकानं बांगडी काढून पाहिली तर ती टायरसारखी दिसायला लागली. एकदाची ती बसली, तोवर चॅनलच्या नंदिता मॅडमचा फोन आला.

"मुलांच्या कार्यक्रमात चहा? पालक तक्रारी करतील. सूप करा ना. हेल्दी पण आहे."

मी घरी जाऊन गॅलरीत उभी राहिले. "बाबा, तेवढं एक वाक्य परत म्हणाल का? चहाच्या जागी सूप म्हणायचंय."

"नाही."

हं नाही. नाही! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला माझ्या सासऱ्यांनी सरळ नकार दिला होता. आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (बाबांना वाटलं, मी रडतेय, म्हणून त्यांनी समजावणीच्या सुरात आणखी एक वाक्य दिलं: "तिनं आयुष्यात सूप केलं नाही गं.")

मी नंदिता मॅडमना जसंच्या तसं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "बरं. मराठीत चहा राहू दे. हिंदी आणि तमिळमध्ये मात्र सूप."

रविवारी सकाळी भाग लागणार होता. महेशनं अख्ख्या बिल्डिंगला आमंत्रण दिलं. शहाभाभी ढोकळा घेऊन आल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या अय्यर मामी आल्या, भाईंदरहून आईंची धाकटी बहीण कुसुममावशी आली, आणि मुलं तर एकमेकांच्या मांडीवर. बाबा तोच लग्नाचा शर्ट घालून मधल्या खुर्चीत बसले. मावशीनं त्यांना ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

जंगल आलं. ससा आला. ससा म्हणाला, "दादाजी, मेरा मुन्ना देखा क्या?"

"हूँ," कोणीतरी परकंच म्हणालं.

"हा तुमचा आवाज वाटत नाही हो," मावशी म्हणाली.

मी चपला घालून (एक माझी, एक महेशची) धावत सुटले. आमचा केबलवाला गल्लीच्या टोकाला, मोबाइलच्या दुकानामागे बसायचा.

"भैया, वो कार्टून मराठी में लगाओ! जल्दी!"

"मॅडम, आपल्या एरियात हिंदीच देतो. मराठी कोणी मागतच नाही."

"मी मागतेय ना! माझे सासरे आहेत त्यात!"

"कार्टून में?"

"कासव आहेत ते!"

त्यानं माझ्याकडे, माझ्या चपलांकडे पाहिलं आणि वाद न घालता मशीनचं एक बटण दाबलं. त्याच्या छोट्या टीव्हीवर अस्वल तमिळ बोलायला लागलं. म्हणजे आता अख्ख्या पेणकरपाड्यात अस्वल तमिळ बोलत होतं! त्यानं दुसरं बटण दाबलं, चित्रच गेलं. तिसरं दाबलं, तमिळ परत आलं. लगेच फोन वाजायला लागले. तो फोनवर शिव्या खात होता आणि मी त्याच्या कानाशी "मराठी, मराठी" म्हणून नाचत होते. शेवटी मराठी लागलं तेव्हा पडद्यावर आमची सगळ्यांची नावं वर सरकत चालली होती.

मी परत निघाले ती पाय ओढत. बाबांनी शर्टाला स्वतः इस्त्री केली होती, एवढंच डोक्यात फिरत होतं. जिना चढताना आतून आवाज ऐकू आला. टीव्हीचा नव्हता.

दार उघडंच होतं. टीव्हीवर साबणाची जाहिरात चालली होती आणि तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. बाबा उभे होते. खोलीच्या मधोमध, दोन्ही हात पसरून, अस्वल होऊन!

काय झालं ते महेशनं दारातच कुजबुजत सांगितलं. शेवटच्या प्रसंगाला कासव तमिळमध्ये काहीतरी म्हणालं. मुलांनी अय्यर मामींना विचारलं, काय म्हणाला, काय म्हणाला? मामी म्हणाल्या, "वो बोलता है, मैं आता हूँ, सूप ढक के रखो."

"सूप नाही!" बाबा एकदम खुर्चीतून उठले. "चहा! चहा होता तो!"

मग शहाभाभींची छोटी हेतल म्हणाली, "आजोबा, मग बरोबर काय होतं? तुम्ही सांगा ना."

आणि बाबांनी सांगितलं. पहिल्यापासून. ससा, माकड, अस्वल, सगळ्यांचे आवाज काढून. मी पोचले तेव्हा शेवट आला होता. बाबांनी मान वळवली, तेवढीच, आणि ते वाक्य म्हटलं. मुलं हसली, कारण कासव चहा पितं म्हणजे गंमतच. कुसुममावशीनं पदर तोंडाला लावला. अय्यर मामींना मराठीतलं किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी बाबांसमोर हात जोडले.

"किटली कोणाच्या हातात होती, आजोबा?" हेतलनं विचारलं.

"माझ्या बायकोच्या," बाबा म्हणाले. "ती फार बोलायची. तिची गोष्ट सांगू?"

महेश तिथून गॅलरीत गेला, वाळत घातलेले कपडे काढायला. कपडे ओलेच होते.

त्या दिवसापासून बाबा बोलायला लागले. खाली बिल्डिंगच्या बाकावर रोज संध्याकाळी मुलं जमायची आणि बाबा गोष्टी सांगायचे. आईंनी भाजीवाल्याशी हिंदीत केलेलं भांडण तर अख्ख्या सोसायटीला पाठ झालं. घरातही बोलायचे. माझ्या आमटीबद्दल आधीच्या सगळ्या 'हं'मध्ये नेमकं काय दडलं होतं, तेही मला तपशीलवार कळलं.

थोड्या दिवसांनी पराग पेढे घेऊन घरी आला. "मॅडम, चॅनलला ते कासव फार आवडलं! नवीन मालिका हवीय. दर भागात कासव."

"वा!" मी वही ओढली. "मला दोन-तीन गोष्टी सुचतायत..."

पराग चुळबुळ करायला लागला. "गोष्टी काका सांगतील म्हणालेत. त्यांच्याकडे तयार आहेत."

"मग संवाद?"

"तेही बोलता बोलता होतातच त्यांचे."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी पेढा संपवला, बोटं पुसली आणि परागला गंभीरपणे सांगितलं, "तिलाही घ्या हो. हायवे क्रॉस करताना मला सोबत लागते."

मालिका लागली तेव्हा शेवटच्या नावांमध्ये माझंही नाव होतं. कथा, संवाद आणि आवाज या तिन्हींपुढे बाबांचं, आणि मग बरंच खाली, चित्रकार, रेकॉर्डिंग, चहापान यांच्याही खाली, 'वाहतूक नियोजन' यापुढे माझं.